चाँदबीबीचे राज्य: झालेली चर्चा आणि उरलेले प्रश्न

चाँदबीबी म्हटले की नगरचा किल्ला, तटाला पडलेले खिंडार आणि हातात तलवार घेऊन तिथे उभी राहिलेली सुलताना एवढे मराठी वाचकाला चटकन आठवते. ही आठवण खरी आहे, पण ती फार थोड्या दिवसांची आहे. 1580 मध्ये विजापूरच्या बालराजाची पालक म्हणून ती पुढे आली आणि 1600 मध्ये नगरच्या किल्ल्यात मारली गेली. या वीस वर्षांत दख्खनच्या दोन दरबारांत तिचा वावर होता. तरीही तिच्याविषयीचे बहुतेक लेखन 1596 च्या वेढ्याभोवतीच फिरत राहते.

बेळ्ळंदूरसारख्या बेंगळूरच्या उपनगरात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना हा विषय जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. आमची मुले शाळेत कर्नाटकाचा इतिहास शिकतात आणि घरी महाराष्ट्राचा ऐकतात. विजापूर पहिल्यात येते, अहमदनगर दुसऱ्यात. चाँदबीबीचे आयुष्य मात्र या दोन्ही शहरांत वाटले गेले होते. खुद्द बेंगळूरही 1638 मध्ये रणदुल्लाखानाने विजापूरसाठी जिंकले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे आदिलशाहीचा इतिहास हा इथल्या मराठी माणसाचाही मागचा इतिहास आहे. तिच्याविषयी अभ्यासकांत काय चर्चा झाली, कोणत्या बाबतींत एकमत आहे आणि काय अजून ठरायचे आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

चाँदबीबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. हुसेनने 1553 ते 1565 या काळात राज्य केले. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जी आघाडी झाली, तिचा पाया सोयरिकींनी घातला होता. चाँदबीबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. अलीच्या बहिणीचा विवाह हुसेनचा मुलगा मुर्तझा याच्याशी झाला. पुढे जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली. सोलापूरवरून दोन्ही राज्यांत आधीही युद्धे झाली होती आणि नंतरही झाली. या विवाहाकडे पाहताना तो संदर्भ विसरून चालत नाही.

बाईमाणसाने राज्यकारभार पाहण्याची रीत तिच्या घरातच होती. हुसेनच्या मृत्यूनंतर तिची आई खुंजा हुमायून हिने मुर्तझाच्या नावाने काही वर्षे कारभार केला. शेवटी मुर्तझाने तिला बाजूला करून कैदेत टाकले. त्याही आधी बहमनी काळात मखदूमा-ए-जहान हिने मुलांच्या वतीने राज्य सांभाळले होते. विजापुरातही यूसुफ आदिलशहाच्या मृत्यूनंतर त्याची विधवा पत्नी बुबूजी खानम हिने अल्पवयीन इस्माईलची गादी राखली. ती मराठा घराण्यातली असल्याचे सांगितले जाते. म्हणून चाँदबीबीला एकटी, अपवादात्मक स्त्री मानण्याआधी ही दख्खनी परंपरा ध्यानात घ्यायला हवी.

1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते, म्हणून नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि त्याचे पालकत्व चाँदबीबीकडे आले. प्रत्यक्ष कारभार कामिलखान, मग किश्वरखान, मग इखलासखान आणि शेवटी दिलावरखान अशा सरदारांच्या हातांतून फिरला. किश्वरखानाने तर तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. दरबार उलटल्यावर ती परत आली. याच सुमारास विजापूरला वेढा पडला. वेढा घालणाऱ्यांत नगरची, म्हणजे तिच्या माहेरची फौजही होती. 1584 मध्ये इब्राहिमच्या बहिणीचे नगरच्या राजपुत्राशी लग्न ठरले तेव्हा ती वधूबरोबर नगरला गेली.

नगरचे राज्य त्यानंतर झपाट्याने खचले. 1588 मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने मारले, पुढच्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. 1595 मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरशी झालेल्या लढाईत पडला आणि गादीवर एकाच वेळी अनेक दावेदार उभे राहिले. मियाँ मंजूने अहमद नावाच्या मुलाला पुढे केले. हबशी सरदारांचे आपले वेगळे उमेदवार होते. चाँदबीबीने इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर याची बाजू घेतली. पेचात सापडलेल्या मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीला बोलावले. नंतर तो पस्तावला, पण तोवर मोगल फौज निघाली होती. डिसेंबर 1595 मध्ये मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना नगरच्या किल्ल्यासमोर येऊन ठेपले.

साधने: कोणी, कुठे बसून लिहिले

या विषयातले बरेचसे मतभेद साधनांतूनच आलेले आहेत. मुख्य फारसी साधने चार आहेत.

पहिले सय्यद अली तबातबाईचे ‘बुरहाने मासिर’. हा लेखक निजामशाहीच्या आश्रयाला होता. त्याचा ग्रंथ 1596 च्या तहापाशी संपतो. त्यामुळे पहिल्या वेढ्यासाठी तो अत्यंत जवळचा साक्षीदार ठरतो, पण पुढच्या चार वर्षांविषयी तो काहीच सांगू शकत नाही.

दुसरे मुहम्मद कासिम फरिश्त्याचे. फरिश्ता आधी नगरला मुर्तझाच्या पदरी होता आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. त्याने आपला इतिहास इब्राहिम आदिलशहाला अर्पण केला. चाँदबीबी या इब्राहिमची चुलती आणि बालपणीची पालक. फरिश्त्याच्या लेखनात तिच्याविषयी जो आदर दिसतो, त्यामागे हे नातेही आहे. जॉन ब्रिग्जच्या 1829 च्या इंग्रजी भाषांतरामुळे हेच चित्र पुढे सर्वदूर गेले.

तिसरे रफिउद्दीन शिराझीचे ‘तजकिरतुल मुलूक’. तेही विजापुरात लिहिले गेले. शिराझी दरबारी कारभारात मुरलेला होता, त्यामुळे विजापूरच्या गटबाजीसाठी त्याचा उपयोग होतो.

चौथे अबुल फजलचे ‘अकबरनामा’. तो मोगल बाजूचा, आणि 1599 पासून स्वतः दख्खनच्या मोहिमेवर होता. चाँदबीबीच्या अखेरच्या काळाविषयी तो काही अंशी आपल्याच व्यवहाराची हकिकत देतो.

मराठी वाचकाची सोय अशी की तबातबाई आणि फरिश्ता या दोघांनाही भ. ग. कुंटे यांनी मराठीत आणले आहे. दख्खनच्या इतिहासाची मूळ फारसी साधने मराठीतून उपलब्ध करून देण्याचे हे काम मोठे आहे, आणि आजही ते पुरेसे वापरले जात नाही.

पहिला प्रश्न: राज्यकर्ती की पालक?

चाँदबीबीला ‘राज्यकर्ती’ म्हणावे का, हा पहिला वाद. एका बाजूचे अभ्यासक काटेकोर कसोटी लावतात. मुस्लिम राज्यपरंपरेत सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानल्या जातात: शुक्रवारच्या खुत्ब्यात नाव आणि नाण्यावर नाव. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी मुस्लिम जगातील राण्यांचा शोध घेताना हीच कसोटी वापरली. दिल्लीची रझिया (1236 ते 1240) या कसोटीला उतरते, कारण तिच्या नावाची नाणी आहेत. चाँदबीबीच्या नावाचे नाणे ज्ञात नाही. विजापुरात राज्य इब्राहिमचे होते आणि नगरात बहादूरचे. म्हणून ती पालक होती, सुलताना नव्हे, असे हा पक्ष म्हणतो. या म्हणण्यात नेमकेपणा आहे आणि रझियाचे वेगळेपण त्यातून जपले जाते.

दुसरा पक्ष सत्तेच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहतो. पेशवा नेमणे आणि काढणे, शेजारच्या राज्याला मदतीसाठी लिहिणे, किल्ल्याची शिबंदी हलवणे, शत्रूशी तहाच्या अटी ठरवणे ही कामे नगरात तिने केली. 1595 नंतर तिच्यावर कोणी वडीलधारा राजा नव्हता. या पक्षाला मराठी इतिहासातला दाखला सहज सापडतो. 1700 नंतर ताराबाईंनी औरंगजेबाशी लढा दिला तो मुलगा दुसरा शिवाजी याच्या नावाने, तरी ताराबाईंना राज्यकर्ती म्हणायला आपण कचरत नाही. हाच न्याय नगरला का लावू नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही पक्षांत एक तोडगा निघू शकतो, तो म्हणजे विजापूर आणि नगर वेगळे धरणे. विजापुरात तिचा अधिकार प्रतिष्ठेचा होता. सरदार तिच्या नावाने कारभार करत आणि वेळ आली की तिला कैदेतही टाकत. नगरात, विशेषतः वेढ्याच्या महिन्यांत, ती निर्णय घेणारी होती. एकाच व्यक्तीचा अधिकार दोन ठिकाणी दोन प्रतींचा होता, हे मान्य केले की वादाची धार बरीच कमी होते. मात्र 1596 ते 1599 या काळात नगरात हुकूम नक्की कोणाचा चालत होता, हा भाग तरीही मोकळाच राहतो. कारण आधी मुहम्मदखान आणि मग अहंगखान (मोगल साधनांत अभंगखान) हे पेशवे तिच्याशी सतत झगडत होते.

दुसरा प्रश्न: 1596 चा तह, यश की माघार?

वेढ्याची मुख्य हकिकत वादातीत आहे. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाच्या माणसाने मोगल छावणीतून रात्री येऊन किल्ल्यातल्यांना ही खबर दिली, असे फरिश्ता सांगतो. आतल्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चाँदबीबी बुरखा घेऊन, तलवार हाती धरून खिंडारावर आली. धीर सोडलेली शिबंदी परत फिरली, दिवसभर हल्ला थोपवला गेला आणि रातोरात खिंडार बुजवण्यात आले. विजापूरचा सुहेलखान मोठी फौज घेऊन मदतीला निघाला होता. मोगल छावणीत दाणागोटा संपत आला होता आणि मुराद व खानखाना यांचे आपसांत पटत नव्हते. 1596 च्या सुरुवातीला तह झाला. बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळाली आणि वऱ्हाड मोगलांना देण्यात आले.

या तहाचा अर्थ लावताना मते दुभंगतात. एक मत असे की हा मोठा विजय होता. त्या काळी मोगल साम्राज्यासमोर उभे राहू शकेल अशी सत्ता उत्तरेत उरली नव्हती. भाऊबंदकीने पोखरलेल्या एका लहान राज्याने राजधानी आणि राजा दोन्ही राखले. शिवाय वऱ्हाड हे निजामशाहीचे मूळ घर नव्हते. तो प्रांत 1574 मध्ये इमादशाही बुडवून मिळवलेला होता. म्हणजे बाहेरचे देऊन आतले वाचवले, असा हा हिशेब.

दुसरे मत असे की वऱ्हाड दिल्याने मोगलांना दख्खनमध्ये कायमचे पाऊल ठेवायला जागा मिळाली. आधी त्यांना गुजरात आणि माळव्यातून यावे लागे. आता ते शेजारी झाले. याचा पुरावा लगेच दिसला. वऱ्हाडाची हद्द कुठपर्यंत यावरून पाथरीच्या प्रश्नावर तंटा पेटला आणि 1597 मध्ये गोदावरीकाठी लढाई झाली. खानखानाने तीत सुहेलखानाच्या नेतृत्वाखालील दख्खनी फौजेचा पराभव केला. या मतानुसार तहाने फक्त चार वर्षे मिळाली.

दोन्ही मतांचे पुरावे भक्कम आहेत, कारण ती वेगवेगळ्या मुदतीचा विचार करतात. पहिले मत त्या हंगामाचा ताळेबंद मांडते, दुसरे त्या दशकाचा. यात तिसरा मुद्दा क्वचित येतो. त्या चार वर्षांत विजापूर आणि गोवळकोंडा नगरच्या बाजूने रणांगणात उतरले. तीस वर्षे एकमेकांशी भांडणाऱ्या या राज्यांना एकत्र आणण्यात चाँदबीबीचे माहेर-सासरचे नाते किती कामी आले? फरिश्ता त्याकडे बोट दाखवतो, पण त्याचे आपले विजापूरप्रेम लक्षात घेता हा भाग स्वतंत्रपणे तपासला जायला हवा.

तिसरा प्रश्न: 1600 मध्ये काय घडले?

1599 मध्ये मुराद वारला आणि त्याचा भाऊ दानियाल याच्याकडे मोहीम आली. नगरला पुन्हा वेढा पडला. अहंगखान किल्ला सोडून निघून गेला होता. फरिश्ता सांगतो की चाँदबीबीने हमीदखान या सरदाराशी सल्लामसलत केली. किल्ला मोगलांना द्यावा, त्या बदल्यात जीविताची हमी घ्यावी आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, असे तिचे म्हणणे होते. हमीदखान रस्त्यावर येऊन ओरडला की सुलताना मोगलांना फितूर झाली. जमाव महालात घुसला आणि तिला मारले गेले. ऑगस्ट 1600 मध्ये किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

अबुल फजलची हकिकत वेगळी बाजू दाखवते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाँदबीबीची त्याच्याशी आधीच बोलणी चालू होती: अहंगखानाचा बंदोबस्त झाला की ती किल्ल्याच्या किल्ल्या देईल आणि तिला बीडची जहागीर मिळेल. हे खरे मानले तर तिच्यावरचा आरोप अगदीच हवेतला नव्हता, असा एक निष्कर्ष निघतो.

दुसऱ्या बाजूचे अभ्यासक दोन गोष्टी पुढे करतात. अबुल फजलला मोगल मुत्सद्देगिरीचे, म्हणजे स्वतःचे, यश दाखवायचे होते. आणि शत्रूशी बोलणी करणे हे त्या काळात प्रत्येक किल्लेदार करत असे. त्याला फितुरी म्हटले तर 1596 चा तहही फितुरीच ठरेल. मला इथे जुन्नरचा उल्लेख महत्त्वाचा वाटतो. राजधानी सोडून डोंगरी मुलखात राजा जिवंत ठेवायचा, ही कल्पना पुढे मलिक अंबरने प्रत्यक्षात आणली. त्याने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले, परांडा आणि जुन्नर अशा ठिकाणांहून राज्य चालवले आणि निजामशाही 1636 पर्यंत टिकली. फरिश्त्याचा तपशील बरोबर असेल, तर त्या सल्ल्यात शरणागतीपेक्षा माघारीचा डाव अधिक दिसतो. पण हे अनुमान आहे. मारेकऱ्यांच्या बाजूची एकही हकिकत आपल्यापर्यंत आलेली नाही.

तिच्या मृत्यूभोवती दंतकथाही साचल्या आहेत. तिने विहिरीत उडी घेतली, दारूगोळा संपल्यावर सोन्यारुप्याचे गोळे तोफांतून डागले, अशा त्या कथा. त्या लोकांच्या प्रेमातून आल्या आहेत आणि त्या अर्थाने मोलाच्या आहेत, मात्र घटनेचा पुरावा म्हणून त्या वापरता येत नाहीत.

स्मृती: कादंबरी, चित्रे आणि इमारती

आजची चाँदबीबी घडवण्यात इतिहासग्रंथांइतकाच साहित्याचा हात आहे. हैदराबाद राज्यात आणि सुरपूरला दीर्घकाळ काम केलेले मेडोज टेलर यांची ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी 1878 मध्ये निघाली. तिने इंग्रजी वाचकांपुढे उदात्त, शोकात्म राणी उभी केली. विसाव्या शतकात तिला परक्या आक्रमणाला तोंड देणारी स्वातंत्र्यवीर असे रूप मिळाले. नगरच्या किल्ल्यात 1942 ते 1945 कैदेत असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले आणि त्यात तिचा उल्लेख केला. अकबराविरुद्ध लढणारी मुस्लिम स्त्री ही धर्माच्या आधारे आखलेल्या सोप्या चौकटीत बसत नाही, हे तेव्हाच्या लेखकांनाही जाणवले होते.

ससाणा घेऊन घोड्यावर निघालेल्या चाँदबीबीचे चित्र अनेक संग्रहालयांत आहे. पण या चित्रांच्या ज्ञात प्रती तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी आणि त्यापुढे काढलेल्या आहेत. तिच्या हयातीतले खात्रीचे चित्र उपलब्ध नाही. याउलट तिच्या आईचे होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या ‘तारीफे हुसेनशाही’ या सचित्र हस्तलिखितात हुसेनशेजारी खुंजा हुमायून बसलेली होती. पुढे बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंगाने पुसली गेली. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी या ग्रंथाचे संपादन केले आहे. सत्ता गेलेल्या स्त्रीची नोंद कशी मिटवली जाते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा दख्खनी पुरावा शोधावा लागेल.

इमारतींचीही अदलाबदल झाली आहे. नगरजवळच्या शहा डोंगरावरची अष्टकोनी वास्तू ‘चाँदबीबी महाल’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती मुर्तझाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. विजापूरची चाँद बावडी मात्र तिच्या नावाने अली आदिलशहाने 1579 मध्ये बांधल्याचे मानले जाते. 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. एका कर्तबगार राज्यकर्तीचे नाव मिळालेल्या शहराने आपल्या दुसऱ्या राज्यकर्तीच्या जागा बरोबर ओळखाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे.

काय ठरले, काय उरले

एकमत असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. 1596 च्या वेढ्यात तिची हजेरी आणि धैर्य यांवर मोगल आणि दख्खनी दोन्ही बाजूंची साक्ष जुळते. नगरच्या संकटाचे मूळ मोगल बळाइतकेच दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांच्या गटबाजीत होते, हेही आता कोणी नाकारत नाही. ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, हेही सर्वमान्य आहे.

तीन गोष्टी उरल्या आहेत. पहिली, 1596 ते 1600 या चार वर्षांतली तिची सत्ता. तबातबाई थांबलेला आहे, फरिश्ता विजापुरात आहे आणि अबुल फजल शत्रूपक्षात आहे, त्यामुळे हा काळ आतून सांगणारे कोणी नाही. फर्माने, इनामपत्रे आणि स्थानिक दफ्तरे यांतूनच तो उजळू शकेल. दुसरी, विजापूरच्या 1580 ते 1584 या वर्षांत ती खरोखर किती निर्णय घेत होती. हे पाहायचे तर शिराझी आणि फरिश्ता समोरासमोर ठेवून वाचावे लागतील. तिसरी, आई खुंजा हुमायून, चाँदबीबी आणि पुढे विजापूरचा कारभार पाहणारी बडी साहेबीण यांना एका परंपरेत धरून दख्खनी दरबारातील स्त्रीसत्तेचा सलग अभ्यास. मराठी वाचकाला बडी साहेबीण अफजलखानाच्या प्रसंगापुरतीच माहीत असते, जशी चाँदबीबी खिंडारापुरती.

हे काम मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणाऱ्यांना विशेष साधेल. विजापूरचे शिलालेख आणि स्थानिक अभ्यास कर्नाटकात आहेत, नगरची कागदपत्रे आणि फारसीचे मराठी अनुवाद महाराष्ट्रात. बेंगळुरात वाढणाऱ्या मराठी मुलांना या दोन्ही भाषा घराच्या दारात मिळतात. त्यांच्यातल्या कोणी फारसीही शिकून घेतली, तर चाँदबीबीच्या राजकारणाची ती वीस वर्षे सलग मांडता येतील. तिचे शौर्य आपण पुरेसे गायले आहे. तिचा कारभार समजून घेणे हे आता पुढचे काम आहे.